गंजलेले हॅण्डल आणि पत्र्याची बादली



नवी सायकल घरी येते तेव्हा तिच्या हॅण्डलमध्ये आपला चेहरा दिसतो. दोन पावसाळे गेले, की त्याच हॅण्डलवर तांबूस ठिपके दिसू लागतात. तेलाच्या फडक्याने पुसले तर ते जातात, पण चार दिवसांनी त्याच जागी पुन्हा येतात. भिंगातून निरखून पाहिलेत तर ठिपक्याच्या मध्यभागी टाचणीच्या टोकाहूनही लहान भोक आढळेल. काही ठिकाणी तर वरची चकाकी पापुद्र्यासारखी सुटून आलेली असते.

आता विहिरीवरची जुनी पत्र्याची बादली पाहा. ती रोज दगडावर आपटते, कठड्याला घासते. तिच्यावर जागोजागी चरे पडलेले असतात. तिला कोणी तेल लावत नाही की पुसत नाही. तरीही चऱ्यांच्या जागी ती सहसा गंजत नाही.

हॅण्डल पोलादाचे आणि बादलीही पोलादी पत्र्याचीच. दोहोंवर दुसऱ्या धातूचा थर दिलेला आहे. हॅण्डलवरचा थर तर अधिक महाग आणि अधिक कठीण. मग सुईच्या अग्राएवढ्या भोकातून हॅण्डल का गंजावे आणि एवढे चरे पडूनही बादली का टिकावी? या कोड्याचे उत्तर शोधण्यासाठी एका धातूवर दुसरा धातू कसा चढवतात, हे आधी पाहावे लागेल.

कल्हई आणि सोन्याचे पाणी

धातूवर धातू चढवण्याची कला जुनी आहे. पितळेच्या पातेल्यात आंबट आमटी ठेवली तर ती कळकते, हे तुमच्या आजीला विचारलेत तर ती सांगेल. म्हणून पातेल्याला आतून कल्हई लावत. कल्हईवाला पातेले तापवी, नवसागराची पूड टाकी, पांढरा धूर निघे आणि मग वितळलेले कथिल तो कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवी. नवसागर कशासाठी? तापलेल्या पितळेवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. तो नवसागरामुळे निघून जातो आणि कथिलाला स्वच्छ धातू भेटतो. पातेले स्वच्छ नसेल तर कथिल धरत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

सोन्याचा मुलामा देण्याची जुनी रीत अधिक धोक्याची होती. सोने पाऱ्यात मिसळून लेप करीत, तो तांब्याच्या किंवा चांदीच्या वस्तूवर फासत आणि वस्तू तापवीत. पारा उडून जाई, सोने मागे राही. पण तो उडालेला पारा कारागिराच्या श्वासात जाई. चमकणाऱ्या मूर्ती आणि कळस घडवणाऱ्या अनेक कारागिरांनी आपल्या आरोग्याने त्याची किंमत मोजली.

विजेचा प्रवेश

१८०० साली इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने आपल्या विद्युत् घटाची माहिती प्रसिद्ध केली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८०५ मध्ये, त्याचा मित्र ब्रुन्यातेल्ली याने हा घट वापरून चांदीच्या पदकांवर सोन्याचा थर चढवला. पण या शोधाकडे त्या काळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १८३३-३४ मध्ये इंग्लंडमध्ये मायकेल फॅरेडे याने विद्युत् अपघटनाचे नियम मांडले आणि १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतभावांनी सोन्याचांदीच्या विलेपनाचे पेटंट घेतले. त्यांच्या कृतीतील महत्त्वाचा धागा जॉन राइट नावाच्या एका शस्त्रवैद्याने शोधलेला होता. चांदी पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणात विरघळवली तर तिचा थर दाट आणि घट्ट बसतो, असे त्याला आढळले होते. पाऱ्याचा धूर गेला. त्याच्या जागी सायनाइड आले. याचाही विचार आपण पुढे करू.

विजेच्या साहाय्याने एका धातूवर दुसऱ्या धातूचा थर देण्याच्या या क्रियेला विद्युत् विलेपन म्हणतात.

तुम्हीच करून पाहा

ही क्रिया शाळेच्या प्रयोगशाळेत करता येते. मात्र शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा.

एका काचपात्रात २५० मिलिलिटर पाणी घ्या आणि त्यात ५० ग्रॅम मोरचूद विरघळवा. त्यात शिक्षकांकडून सुमारे १० मिलिलिटर विरल गंधकाम्ल मिसळून घ्या. तांब्याची एक जाड पट्टी आणि पितळेची एक जुनी किल्ली घ्या. किल्ली बारीक पॉलिश कागदाने घासा, मग धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवा आणि शेवटी साध्या पाण्याखाली धरा. किल्लीवर पाण्याचा सलग पडदा पसरला, तर ती स्वच्छ झाली. पाणी थेंबाथेंबाने गोळा झाले, तर अजून तेलकटपणा आहे असे समजा आणि पुन्हा धुवा. मोठ्या कारखान्यांतही हीच साधी परीक्षा वापरतात. एकदा धुतलेल्या किल्लीला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणाही पुरतो.

आता तांब्याची पट्टी घटमालेच्या धन टोकाला आणि किल्ली ऋण टोकाला जोडा. मंडलात धारा-नियंत्रक व ॲमीटर ठेवा आणि प्रवाह ०.२ ॲम्पिअर राहील असे करा. पट्टी व किल्ली द्रावणात एकमेकींना न टेकता लोंबकळू द्या. दोन-तीन कोरडे घट पुरेसे आहेत. घरातील विजेच्या मंडलाला हात लावायचा नाही.

काही मिनिटांतच किल्ली गुलाबी-तांबूस दिसू लागेल. काय झाले? मोरचूद पाण्यात विरघळली, की तिच्यातून तांब्याचे धन भाराचे आयन आणि सल्फेटचे ऋण भाराचे आयन सुटे होतात. किल्ली ऋणाग्र आहे. घटाकडून तिच्यावर इलेक्ट्रॉन येतात. तांब्याचा प्रत्येक आयन किल्लीपाशी येऊन दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि तांब्याचा अणू होऊन तेथेच बसतो. पट्टी धनाग्र आहे. तिच्यातील तांब्याचे अणू दोन-दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून आयनरूपाने द्रावणात उतरतात. जेवढे तांबे किल्लीवर बसते, तेवढेच पट्टीतून विरघळते. म्हणून द्रावणाचा निळा रंग फिका पडत नाही.

प्रयोग संपल्यावर हात साबणाने धुवा. मोरचूद विषारी असते. द्रावण मोरीत ओतू नका. चिठ्ठी लावलेल्या बाटलीत भरून ठेवा. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनाही ते चालेल.

थर किती जाड?

फॅरेडेच्या नियमामुळे हा थर न मोजताही त्याचा हिशेब मांडता येतो. ९६,५०० कूलॉम विद्युत् भार गेला, की तांब्याच्या अणुभाराच्या निम्मे, म्हणजे ३१.७५ ग्रॅम तांबे बसते. निम्मे का? तर प्रत्येक आयनाला दोन इलेक्ट्रॉन लागतात म्हणून.

आपण ०.२ ॲम्पिअर प्रवाह ३० मिनिटे, म्हणजे १,८०० सेकंद दिला. विद्युत् भार झाला ३६० कूलॉम. त्यावरून तांबे सुमारे ०.१२ ग्रॅम येते. किल्लीचे पृष्ठफळ २० चौरस सेंटिमीटर धरले आणि तांब्याची घनता ८.९६ घेतली, तर थराची जाडी सुमारे ०.०००६६ सेंटिमीटर, म्हणजे ६.६ मायक्रोमीटर निघते. तुमच्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा हा जेमतेम दहावा भाग! तरी त्यात तांब्याच्या अणूंचे तीस हजारांहून अधिक थर एकावर एक रचलेले आहेत. प्रयोगाआधी आणि नंतर किल्ली व पट्टी कोरडी करून रासायनिक तराजूवर तोला. किल्लीचे वाढलेले आणि पट्टीचे घटलेले वजन जवळजवळ सारखे येते का, ते पाहा.

लोखंडी खिळा का घेतला नाही?

चौकस विद्यार्थी येथे विचारील, ‘पितळेचीच किल्ली कशाला? मोरचुदीच्या द्रावणात लोखंडी खिळा नुसता बुडवला तरी त्यावर तांबे चढते. विजेचीही गरज नाही!’

प्रश्न अगदी योग्य आहे. आता त्या खिळ्यावरून बोट फिरवून पाहा. तांबे भुकटीसारखे बोटाला लागते. लोखंड तांब्याहून अधिक क्रियाशील आहे. ते स्वतः विरघळून तांब्याच्या आयनांना आपले इलेक्ट्रॉन देते. म्हणजे ज्या पायावर थर उभा राहायचा, तो पायाच खालून खचत असतो. मग थर घट्ट कसा बसणार? म्हणून लोखंडावर तांबे चढवायचे झाल्यास कारखान्यात प्रथम सायनाइडच्या द्रावणातून तांब्याचा पातळ थर देतात. सायनाइड तांब्याच्या आयनांना आपल्याशी जखडून ठेवते व थोडेथोडेच सोडते. त्यामुळे लोखंड त्यांच्याशी परस्पर देवघेव करू शकत नाही. राइटच्या शोधातील मर्म हेच होते.

कारखान्यातील साखळी

विलेपनाच्या कारखान्यात गेलात तर तुम्हांला एका रांगेत अनेक टाक्या दिसतील आणि त्यांतील निम्म्याहून अधिक टाक्या केवळ धुण्याच्या असतील. हॅण्डल आधी फिरत्या चाकावर घासून गुळगुळीत करतात. मग कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात त्याचा तेलकटपणा घालवतात, पाण्याने धुतात, हायड्रोक्लोरिक अम्लात बुडवून गंज काढतात, पुन्हा धुतात. मगच ते निकलच्या टाकीत जाते. कल्हईवाल्याचा नवसागर आणि ही टाक्यांची रांग यांचा हेतू एकच आहे.

निकलच्या टाकीत निकल सल्फेट, निकल क्लोराइड आणि बोरिक अम्ल यांचे कोमट हिरवे द्रावण असते. ही कृती ऑलिव्हर वॉट्स याने १९१६ साली अमेरिकेत सुचवली आणि थोड्याफार फरकाने ती अजून चालते. थर चकचकीत यावा म्हणून द्रावणात काही सेंद्रिय पदार्थ अगदी थोड्या प्रमाणात घालतात. त्यांपैकी एक आहे सॅकरिन, साखरेऐवजी वापरतात तेच!

निकलनंतर येते क्रोमियम. ज्याला आपण ‘क्रोमची चकाकी’ म्हणतो, ती खरे म्हणजे बहुतांशी खालच्या निकलची असते. निकलचा थर साधारणपणे १० ते ३० मायक्रोमीटर, तर त्यावरचा क्रोमियमचा थर अर्ध्या मायक्रोमीटरहूनही कमी असतो. निकल हवेत हळूहळू पिवळट, निस्तेज होते. क्रोमियमचा पातळ पडदा ते होऊ देत नाही आणि चरेही पडू देत नाही.

एक अडचण मात्र सर्वच टाक्यांत असते. विद्युत् प्रवाह कडा आणि टोके यांच्याकडे अधिक वळतो, खाचा व पोकळ्या यांच्याकडे कमी. त्यामुळे वस्तूच्या कडेला थर जाड, तर कोपऱ्यात पातळ बसतो. तुमच्या सायकलचा गंज बहुधा सांध्यांपाशी आणि वळणांच्या आतल्या बाजूला का सुरू होतो, त्याचे एक कारण हे आहे. दुसरे, तेथे पाणी साचून राहते.

आता कोडे सोडवू

धातूंची क्रियाशीलता श्रेणी आठवा. उतरत्या क्रमाने त्यातील काही धातू असे : जस्त, लोखंड, निकल, कथिल, तांबे, चांदी, सोने. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले असतील आणि दोघांवर पाण्याचा थेंब असेल, तर तेथे एक छोटासा विद्युत् घटच तयार होतो. त्यात अधिक क्रियाशील धातू झिजतो आणि दुसरा वाचतो.

हॅण्डलवर निकल आहे, ते लोखंडाहून कमी क्रियाशील. थर अखंड आहे तोवर तो भिंतीसारखा पाणी अडवतो. पण सूक्ष्म भोक पडले, की पाणी लोखंडापर्यंत पोचते आणि घट सुरू होतो. झिजण्याची पाळी लोखंडाची. आजूबाजूचे निकलचे क्षेत्र मोठे आणि उघडे पडलेले लोखंड टाचणीच्या टोकाएवढे. सगळी झीज त्या एका बिंदूवर एकवटते. गंज आतल्या आत पसरतो आणि वरचा थर उचलून टाकतो. म्हणजे भोक पडल्यावर हाच थर लोखंडाचा वैरी बनतो.

बादलीवर जस्त आहे, ते लोखंडाहून अधिक क्रियाशील. चरा पडला, पाणी लागले, घट तयार झाला, तरी झिजते ते जस्त. ते स्वतः संपत राहते आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला वाचवते. भिंत फुटली तरी हा पहारेकरी जागेवर उभाच असतो. अर्थात पहारेकऱ्यालाही आयुष्य असते. जुन्या बादलीच्या तळाशी, जेथे जस्त पूर्ण झिजलेले असते, तेथे गंज दिसतोच.

येथे एक खुलासा करायला हवा. बादलीवरचे जस्त बहुधा विजेने चढवलेले नसते; पत्रा किंवा बादली सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. तो थर जाड असतो. पण नट, बोल्ट, स्क्रू अशा लहान वस्तूंवर तो जाड थर बसवला तर त्यांचे आटेच बुजतील. तेथे विजेने ५ ते १० मायक्रोमीटर जाडीचे जस्त देतात. रीत वेगळी असली तरी लोखंडाला वाचवण्याचे तत्त्व एकच.

मग मोटारींच्या चकचकीत भागांवर निकल वापरतातच कशाला? दिसायला सुंदर आणि कठीण म्हणून. आणि त्याची उणीव भरून काढण्यासाठी एक युक्तीही योजतात. निकलचे दोन थर देतात. वरच्या थरात थोडे गंधक असल्याने तो खालच्यापेक्षा किंचित अधिक क्रियाशील असतो. भोक पडले तर झीज वरच्या थरातच आडवी पसरते. खाली लोखंडापर्यंत पोचायला तिला फार वेळ लागतो. ज्या तत्त्वाने हॅण्डल गंजवले, तेच येथे रक्षणाला लावले आहे!

शोभेपलीकडे

मुलामा म्हटले की आपल्याला शोभा किंवा दिखावा आठवतो. पितळेवर सोन्याचे पाणी दिलेले ‘एक ग्रॅम’चे दागिने आपण पाहतोच. पण विलेपनाची मोठी कामे शोभेची नाहीत.

अन्नाच्या डब्यांचा पत्रा पोलादाचा असतो व त्यावर विजेने कथिल दिलेले असते. यंत्रांतील द्रवचालित दट्ट्यांच्या दांड्यांवर क्रोमियमचा जाड थर देतात. तेथे चकाकीचे नव्हे, काठिण्याचे महत्त्व. मोबाइलमधील सिमकार्डावरचे सोनेरी चौकोन पाहा. ते सोन्याचा मुलामा दिलेले असतात, कारण सोने हवेत काळे पडत नाही आणि विद्युत् संपर्क खात्रीचा राहतो. इलेक्ट्रॉनिक मंडलांच्या पट्ट्यांतील बारीक छिद्रे आतून तांब्याने मढवलेली असतात. संगणकाच्या चिपमधील अतिसूक्ष्म तारा तांब्याच्या करण्याचे तंत्र १९९७ साली आयबीएम कंपनीने जाहीर केले. त्या तारांसाठी तांबे भरतात तेही विद्युत् विलेपनानेच. तुमच्या किल्लीवर घडली तीच क्रिया तेथे केसाच्या हजारो पट बारीक जागेत घडते. ब्रिटनने १९९२ पासून आपले पेनीचे नाणे पोलादाचे करून त्यावर तांब्याचा मुलामा द्यायला सुरुवात केली. त्यानंतरच्या पेनीला लोहचुंबक चिकटते.

धुवणाचे पाणी कोठे जाते?

आता मागे राखून ठेवलेला विषय. कारखान्यातील निम्म्याहून अधिक टाक्या धुण्याच्या, असे आपण म्हटले. टाकीतून बाहेर निघणारी प्रत्येक वस्तू अंगावर थोडे द्रावण घेऊन येते आणि ते धुवणाच्या पाण्यात उतरते. त्या पाण्यात सायनाइड असू शकते, निकल असते, क्रोमियम असते.

क्रोमियमच्या टाकीत दिलेल्या विजेचा बहुतेक भाग पाण्यातून हायड्रोजन मुक्त करण्यात खर्ची पडतो. क्रोमियम बसवण्यासाठी पाचव्या भागाहूनही कमी उपयोगी येतो. त्या वायूच्या बुडबुड्यांबरोबर क्रोमिक अम्लाचे तुषार हवेत उडतात. ते श्वासावाटे गेले तर नाकातील पडद्याला भोक पडते, हे या कामगारांच्या बाबतीत फार पूर्वीपासून माहीत आहे. हे षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारकही आहे. म्हणून टाकीच्या कडेला धूर शोषून घेणारी नळी, कामगाराच्या हातात मोजे आणि अंगावर ॲप्रन असणे ही चैन नव्हे. लुधियानाची सायकल, मुरादाबादची पितळी भांडी, अलीगढची कुलुपे, पिंपरी-चिंचवडच्या वाहनांचे सुटे भाग या सगळ्यांच्या मागे अशी असंख्य लहानमोठी विलेपन केंद्रे आहेत.

विशेष म्हणजे, यावरचे उपाय रसायनशास्त्रात आहेत आणि ते फार अवघड नाहीत. अल्कधर्मी पाण्यात सोडियम हायपोक्लोराइट घातले तर सायनाइडचे ऑक्सिडीकरण होऊन त्याचे विष नाहीसे होते. सोडियम बायसल्फाइटने षट्‌संयुजी क्रोमियमचे क्षपण करून त्याचे कमी घातक त्रिसंयुजी रूप करता येते. पाण्याचा पिवळा रंग जाऊन हिरवट येतो आणि मग चुना घातला की क्रोमियम गाळाच्या रूपाने खाली बसते. एक दक्षता मात्र जिवाच्या मोलाची आहे : सायनाइडच्या पाण्यात अम्ल कधीही मिसळू द्यायचे नाही, कारण त्यातून प्राणघातक हायड्रोजन सायनाइड वायू निघतो. सायनाइडविरहित जस्ताची द्रावणे आणि त्रिसंयुजी क्रोमियमची द्रावणे आता वापरात आहेत. आपल्या देशात तामिळनाडूतील कराईकुडी येथे १९५३ साली सुरू झालेली केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्था गंज आणि विलेपन या विषयांवर काम करते.

पाऱ्याचे विष टाळण्यासाठी वीज आली आणि येताना दुसरी विषे घेऊन आली. ती टाळण्याचे ज्ञानही आज आपल्यापाशी आहे. ते पुस्तकातून टाकीपर्यंत पोचवणे, हे काम तुमच्यापैकीच कोणाला तरी उद्या करायचे आहे.

विचार करा, शोधा

१. तुमच्या घरातील मुलामा दिलेल्या दहा वस्तूंची यादी करा. कोठे मुलामा नुसता भिंत आहे आणि कोठे पहारेकरी, ते ठरवा.

२. कथिलाचा डबा चेपला आणि आतले पोलाद उघडे पडले, तर बाहेरून त्याचे काय होईल? हॅण्डलसारखे की बादलीसारखे? दोन डबे पावसात ठेवून पडताळा. एकावर खिळ्याने चरा ओढा.

३. चांदीचा अणुभार १०७.९ आहे आणि तिच्या आयनाला एकच इलेक्ट्रॉन लागतो. आपल्या प्रयोगाइतकीच वीज वापरली, तर किती ग्रॅम चांदी बसेल? तांब्याहून अधिक की कमी, हे आधी अंदाजाने सांगा आणि मग गणित करा.